सिकलसेल : कोलेस्टेरॉल कमी म्हणून निर्धास्त राहू नका



ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकली, की आपल्या निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या द्राक्षबागांत माणसांची गर्दी वाढू लागते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, हरसूल, कळवण या बाजूने टोळ्या येतात. डोक्यावर अंथरूण, हातात भांड्याकुंड्यांची पिशवी, बरोबर लहान पोरं. फेलफुटी काढणे, विरळणी, डिपिंग, पुढे काढणी. तिकडे कांद्याची लागण. ही सगळी कामे त्यांच्याच हातांवर निघतात. भुरी आली, डाऊनी आला, करपा दिसला, तर आपण रात्री बारा वाजताही फोन करतो. पण ज्या हातांवर आपली बाग उभी आहे, त्या हातांच्या रक्तात एक आजार असू शकतो, याची चर्चा बांधावर होत नाही. त्या आजाराचे नाव सिकलसेल. या आजारात रक्तातल्या चरबीचे आणि हृदयाचे काय होते, हा आजचा विषय आहे.

कुणी म्हणेल, शेतकी खात्यातल्या माणसाने दवाखान्याचे का सांगावे? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. पण बांधावर फिरताना जे दिसते ते नजरेआड करता येत नाही. शिवाय माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा हे आम्ही शिकवतोच. रक्ताचा अहवाल वाचतानाही काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात, नाहीतर चांगला दिसणारा आकडाच फसवून जातो.

विळ्यासारखी पेशी

आपल्या रक्तातली तांबडी पेशी निरोगी माणसात गोल, मधे थोडी दबलेली आणि लवचिक असते. अगदी बारीक रक्तवाहिनीतूनही ती वाकून, दुमडून निघून जाते. सिकलसेलमध्ये पेशीतल्या हिमोग्लोबिनची घडणच थोडी बदललेली असते. अंगातला प्राणवायू कमी झाला, पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा ताप आला, की ही पेशी ताठ होते आणि विळ्याचा आकार घेते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव पडले.

ठिबकच्या नळीत क्षार साचले, की ड्रीपर तुंबतो आणि पुढची वेल सुकते. तसेच इथे होते. ताठ पेशी बारीक वाहिनीत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. मग हाडं, सांधे, पाठ, छाती अशी काही दुखते, की गडी माणूसही लोळण घेतो. याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. पाड्यावर 'हाडात वात शिरला' म्हणून अंगारा लावला जातो, तो पुष्कळदा हाच त्रास असतो.

दुसरी गोष्ट आयुष्याची. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी असते. डोळे पिवळट दिसतात, म्हणून कुणी कावीळ समजून झाडपाला बांधतो. मूळ कारण मात्र पेशी फुटण्याचे असते.

अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन छापले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम आढळला. महाराष्ट्रात विदर्भ, नंदुरबार, धुळे आणि आपला डोंगरपट्टा इथे तो आहे. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण जास्त आहे, विदर्भात इतर काही समाजांतही आहे. राज्याच्या आदिवासी भागात या आजारावर डॉ. सुदाम काटे यांनी कित्येक वर्षे काम केले. त्यासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डोंगरपट्ट्यातच तो जास्त का? त्यालाही कारण आहे. ज्याच्यात हा दोष अर्धाच उतरलेला असतो, म्हणजे जो नुसता वाहक असतो, त्याला जीवघेणा मलेरिया सहसा मारत नाही. हे आफ्रिकेत १९५४ साली डॉ. ॲलिसन यांनी दाखवले. जंगलात, मलेरियाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांना या अर्ध्या दोषाने तारले, म्हणून तो टिकला. तेव्हा हा आजार म्हणजे कुणाचे पाप नाही, करणी नाही आणि कुणाच्या जातीचा कमीपणाही नाही.

'तुझं तर माझ्यापेक्षा निम्मं आहे!'

मागच्या एका हंगामात दिंडोरी भागातल्या एका बागेवर घडलेले सांगतो. काढणी सुरू होती. टोळीतला एक तरणा गडी क्रेट उचलून पन्नास पावलं गेला, की थांबून धापा टाकायचा. मुकादम म्हणायचा, 'अंगचोर आहे.' पोराला सिकलसेल असल्याचे शाळेत असतानाच कळले होते, पण दुखणे बरेच दिवस उठले नव्हते, म्हणून दवाखाना सुटला होता. गावाकडच्या एका शिबिरात त्याने रक्त तपासून घेतले होते, तो कागद खिशात होता. त्यावर एकूण कोलेस्टेरॉल ११६, एलडीएल ५०, एचडीएल २८ आणि ट्रायग्लिसराईड १९०.

बागायतदार स्वतः कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारे. त्यांचा आकडा २४० च्या घरातला. कागद बघून ते म्हणाले, 'अरे, तुझं तर माझ्यापेक्षा निम्मं आहे! तुझं काळीज एकदम खणखणीत. मला होईल काही, तुला काय होतंय?'

त्यांच्या मनात वावगे काही नव्हते. टीव्हीवर, पेपरात आपण हेच ऐकत आलो, की कोलेस्टेरॉल वाढले तर हृदयाला धोका आणि कमी असले तर चांगले. बाकीच्या माणसांसाठी हे बरोबरही आहे. पण सिकलसेलच्या रुग्णासाठी हा हिशेब तसाच्या तसा लावता येत नाही. त्या पोराची धाप खरी होती. दवाखान्यात नेऊन छातीची टू-डी इको तपासणी केली, तेव्हा फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत दाब वाढल्याची शंका डॉक्टरांनी लिहिली आणि पुढच्या तपासणीला मोठ्या रुग्णालयात पाठवले. आता तो औषधावर आहे आणि क्रेट उचलण्याऐवजी सावलीत पॅकिंगला बसतो. हातही चांगला चालतो त्याचा.

आधी कागद समजून घ्या

रक्तातल्या चरबीच्या तपासणीला 'लिपिड प्रोफाइल' म्हणतात. त्यात चार आकडे मुख्य असतात. सर्वसाधारण मोठ्या माणसासाठी ते असे बघतात (१०० मिलिलिटर रक्तातले मिलिग्रॅम) :

– एकूण कोलेस्टेरॉल : २०० च्या आत असावे.
– एलडीएल : १०० च्या आत असलेले बरे. हे वाढले, तर रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते.
– एचडीएल : पुरुषात ४० पेक्षा आणि बाईत ५० पेक्षा जास्त असावे. हे साचलेली चरबी उचलून यकृताकडे परत नेते.
– ट्रायग्लिसराईड : उपाशीपोटी १५० च्या आत असावे. हे अंगातले इंधनाचे तेल समजा.

सिकलसेलच्या रुग्णांत देशोदेशी जे आढळले ते असे : एकूण कोलेस्टेरॉल कमी, एलडीएल कमी, एचडीएलही कमी आणि ट्रायग्लिसराईड मात्र बऱ्याच जणांत चढलेले. म्हणजे पहिले दोन आकडे चांगले दिसतात आणि पुढचे दोन वाकडे असतात. आपण पहिल्या ओळीवर खूश होऊन कागद घडी करून ठेवतो. चूक तिथे होते.

कोलेस्टेरॉल कमी का होते?

कोलेस्टेरॉल म्हणजे नुसता कचरा नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंत बांधायला ते लागते. आता असा विचार करा, की शेताची ताल रोज ढासळते आणि रोज नव्याने रचावी लागते. मग बांधकामाचा माल गोदामात शिल्लक कसा राहील? सिकलसेलमध्ये पेशी १० ते २० दिवसांत फुटतात, त्यांची जागा भरायला हाडातला मगज रात्रंदिवस नव्या पेशी घडवत बसतो. त्या भिंतींसाठी कोलेस्टेरॉल खर्ची पडते. त्यातच रक्तात पेशी कमी आणि पातळ भाग जास्त, म्हणूनही ते विरळ होते. रक्त जितके कमी, तितके कोलेस्टेरॉलही बहुधा कमी, असे दिसते.

म्हणजे इथे कमी कोलेस्टेरॉल ही तब्येतीची पावती नसून पेशींची मोडतोड जोरात चालू असल्याची खूण असू शकते. जमिनीत नत्र कमी दिसले, तर आपण 'बरे झाले, खत वाचले' म्हणत नाही. पिकाने ओढून घेतले, की पाण्याबरोबर वाहून गेले, हे शोधतो. तसेच हे.

मग हृदयाला धोका कुठून?

शहरातल्या माणसाला हृदयविकार होतो, त्यात बहुतेक वेळा हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीत चरबीचा थर बसून ती बंद होते. सिकलसेलच्या रुग्णात असा थर सहसा सापडत नाही. तरीही त्याचे हृदय धोक्यात असते, ते दुसऱ्या वाटांनी.

पहिली वाट कामाच्या ओझ्याची. निरोगी माणसात हिमोग्लोबिन १२ ते १५ ग्रॅम असते, या रुग्णांत बहुतेकदा ७ ते ९. तेवढ्या रक्तावर सगळ्या अंगाला प्राणवायू पुरवायचा, तर हृदयाला जादा फेऱ्या माराव्या लागतात. विहिरीत पाणी थोडे आणि शेत मोठे असले, की मोटार दिवसभर चालू ठेवावी लागते. वर्षानुवर्षे असे चालले, तर मोटारीचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. हृदय आकाराने वाढते, त्याचे स्नायू ताठ होतात आणि शेवटी ते दमते.

दुसरी वाट फुप्फुसाकडची. पेशी फुटली, की तिच्यातले हिमोग्लोबिन उघडे पडून रक्तात मिसळते. रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आपले शरीर स्वतः तयार करते. उघडे हिमोग्लोबिन तो गिळून टाकते. मग वाहिन्या आवळतात, फुप्फुसातला दाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. हा दाब दंडाला पट्टा बांधून मोजता येत नाही. त्यासाठी इको तपासणीच लागते.

तिसरी वाट हृदयाच्या स्नायूतल्या बारीक वाहिन्यांची. तिथे विळ्यासारख्या पेशी अडकल्या, तर मोठी वाहिनी उघडी असूनही स्नायूचा तुकडा मरतो, व्रण राहतो, ठोक्यांची लय बिघडते. आणखी एक : ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते, त्यांच्या अंगात लोह साठत जाते. फार साठले, तर त्याने यकृताची आणि हृदयाची हानी होते.

आता यात ट्रायग्लिसराईडचे काम काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या सिकलसेल रुग्णांचे ट्रायग्लिसराईड चढलेले होते, त्यांच्यात पेशींची मोडतोड जास्त होती, रक्तवाहिन्या नीट सैल होत नव्हत्या आणि फुप्फुसातल्या दाबाचे प्रमाणही जास्त होते. ट्रायग्लिसराईडमुळेच दाब वाढतो, असे यावरून ठामपणे म्हणता येत नाही. दोन्हींचे मूळ एकच असू शकते. पण इशारा म्हणून तो आकडा कामाचा आहे. धाप लागते आणि कागदावर ट्रायग्लिसराईड चढलेले, तर इकोबद्दल डॉक्टरांना विचारायला उशीर लावू नये.

इकोत संशय आला म्हणजे लगेच घाबरण्याचे कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. फ्रान्समध्ये ३९८ मोठ्या रुग्णांची तपासणी झाली, तिचा अहवाल २०११ साली आला. इकोत सुमारे २७ टक्के जणांत दाबाचा संशय निघाला. पुढे हृदयात नळी घालून खात्री केली, तेव्हा एकूण रुग्णांपैकी ६ टक्क्यांनाच तो खरोखर निघाला. म्हणून इको ही चाळणी आहे, शेवटचा निकाल नाही. पण चाळणीशिवाय धान्य निवडता येत नाही.

पूर्वी हे का ऐकले नाही?

जुनी माणसे विचारतात, 'आमच्या वेळी कुठं होतं हे?' होते. पण पुष्कळ लेकरे पाच-सात वर्षांची होण्याआधीच तापाने, न्यूमोनियाने, रक्त कमी होऊन जायची. हृदय थकायला माणूस आधी मोठा तर व्हायला हवा. आता लसी आहेत, औषधे आहेत, तपासणी आहे. आपल्या देशातल्या बऱ्याच रुग्णांत, विशेषतः आदिवासींमध्ये, गर्भातल्या हिमोग्लोबिनचा अंश मोठेपणीही जास्त टिकतो, त्यानेही थोडे संरक्षण मिळते. रुग्ण तिशी-चाळिशी गाठू लागले, संसार करू लागले, म्हणून आता हृदयाची काळजी पुढे आली. ही एका अर्थी चांगलीच बातमी आहे. पण याच वयात माणूस घरचा कर्ता असतो, तो बसला तर घर बसते.

आणखी एक फसवा आकडा

साखरेच्या तपासणीतही अशीच गफलत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी 'एचबीए-वन-सी' नावाची तपासणी असते. तांबड्या पेशीवर किती साखर चिकटली, यावरून ती ठरते. पेशीच पंधरा दिवस जगणार असेल, तर तिच्यावर साखर चिकटायला वेळ कुठला? त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णात हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. मधुमेहाचा संशय असेल तर साधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघावी, आणि तपासणाऱ्याला सिकलसेल असल्याचे आधी सांगावे.

औषधाचे काय?

सिकलसेलवर 'हायड्रॉक्सीयुरिया' नावाची गोळी वर्षानुवर्षे वापरात आहे. नाव ऐकून एका गावात लोक म्हणाले, 'साहेब, म्हणजे युरिया खायचा का?' नाही बाबांनो! नावात युरिया असला तरी हा गोणीतला युरिया नव्हे. गोणीतला युरिया पोटात गेला तर विषबाधा होते. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर, वजनानुसार आणि मधूनमधून रक्त तपासूनच घ्यायची असते. तिने गर्भातले हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी विळ्यासारख्या कमी होतात. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत या गोळीने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. बरे वाटले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. मूल हवे असेल, तर नवरा-बायकोने आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण त्या काळात ती थांबवावी लागते.

रोजची फॉलिक ॲसिडची गोळीही महत्त्वाची, नव्या पेशी घडवायला ती लागते. पण 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने चालू करू नयेत. कुणाच्या अंगात लोह खरोखर कमी असते, तर कुणाच्या जास्त झालेले असते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. तसेच शेजाऱ्याच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या उसन्या घेऊन खाऊ नयेत. ज्याचे कोलेस्टेरॉल आधीच कमी, त्याला ती गोळी कशासाठी हे डॉक्टरच ठरवतील.

ताटात काय असावे?

आपल्या डोंगरपट्ट्याचे जुने जेवण वाईट नाही. नागलीची भाकर, उडदाचे, कुळथाचे वरण, माठ, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जोडीला अंडी-मासे. डाळी आणि पालेभाज्यांतून फॉलिक ॲसिडही मिळते. खुरासणीचे तेल घरचे असेल, तर बेताने वापरायला हरकत नाही. ट्रायग्लिसराईड चढते ते जास्त साखर, गोड शीतपेये, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातले वडे-भजी आणि मुख्य म्हणजे दारूने. दारूने अंगातले पाणीही निघून जाते, म्हणजे दोन्हीकडून घात. विडी-तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात. मात्र कोलेस्टेरॉलच्या भीतीने रुग्णाचे तेल, दूध, अंडे तोडून त्याला उपाशी ठेवू नका. त्याचे शरीर रोज नवे रक्त घडवते आहे, त्याला भरपूर खाणे लागते.

बागायतदार आणि मुकादमांसाठी

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आपण पाहिला आहे. अशा पहाटे द्राक्षाच्या डिपिंगला हात ओले करणारा किंवा कांद्याच्या वाफ्यात पाण्यात उभा राहणारा मजूर सिकलसेलचा रुग्ण असेल, तर संध्याकाळपर्यंत त्याचे दुखणे उठू शकते. तेव्हा एवढे करा :

– टोळी ठरवताना कुणाला सिकलसेलचा त्रास आहे का, हे मुकादमाने आस्थेने, एकट्याला बाजूला घेऊन विचारावे. कामावरून काढण्यासाठी नव्हे, बेताचे काम देण्यासाठी.
– कडक थंडीत त्यांना ऊन पडल्यावर कामाला लावा. ओल्या कपड्यात राहू देऊ नका. रात्री उघड्या शेडमध्ये झोपत असतील, तर ताडपत्री आणि पांघरुणाची सोय करा.
– प्यायचे पाणी ओळीच्या टोकाला ठेवा, विहिरीपाशी नको. रुग्णाने दिवसाला तीन लिटरच्या आसपास, उन्हात त्याहून जास्त पाणी प्यावे. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्याने डॉक्टर सांगतील तेवढे.
– उक्त्या कामात माणूस दोन पैशांसाठी दम तुटेपर्यंत राबतो. रुग्णाला रोजावर आणि हलक्या कामावर घ्या. दुखणे उठले, तर खाडा धरून त्याला हिणवू नका.
– छातीत दुखणे, ताप आणि खोकल्यासह धाप, चक्कर येऊन पडणे, पायांवर सूज, छातीत धडधड, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि 'रुग्ण सिकलसेलचा आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

चैत्रात पायी सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. रुग्णाने उन्हात दौड करून गड चढू नये. देवी दर्शन देते ते धापा टाकल्यावरच, असे काही नाही. नुसत्या वाहकाला रोजच्या कामात त्रास होत नाही, त्याने घाबरू नये. मात्र कडक उन्हात पाण्याशिवाय जिवापाड श्रम त्यानेही टाळावेत.

गावकारभाऱ्यांसाठी

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन, असे उद्दिष्ट त्यात धरले. राज्याचा सिकलसेल कार्यक्रम त्याआधीपासून आहे आणि त्यात आपला नाशिक जिल्हाही आहे. तपासणी सोपी आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर पहिली चाचणी होते. ती 'पॉझिटिव्ह' आली, तर दुसऱ्या चाचणीने तो माणूस वाहक आहे की रुग्ण, हे पक्के कळते.

पण नुसती यादी करून भागत नाही. गावात रुग्ण सापडला, तर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपले ग्रामसेवक भाऊसाहेब), पोलीस पाटील आणि आशाताई यांनी मिळून पुढचे बघावे. हंगामाला जाण्याआधी त्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या आणि तपासणीचे कागद आहेत का? वर्षातून एकदा त्याची हृदय, किडनी, डोळे यांची तपासणी झाली का? धाप लागते असे तो म्हणतो का? इकोची सोय तालुक्याला नसेल, तर जिल्हा रुग्णालयापर्यंत त्याला कोण घेऊन जाणार? बरोबर माणूस नाही, म्हणून तपासणी राहिली, असे होऊ नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. त्यानुसार तपासणी होऊन दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र सिकलसेलग्रस्तांचा समावेश आहे. उपचारासाठी एसटी प्रवासात सवलत आहे, दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. हे सगळे कागदावर आहे. पण सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला ते माहीत नसते, आणि माहीत असले तरी दाखल्यासाठी तीन-चार चकरा मारायला त्याच्याकडे रोज नसतो. गावच्या कारभाऱ्यांनी एका दिवशी सगळ्यांचे कागद एकत्र करून दिले, तर केवढे पुण्य लागेल!

सोयरीक जुळवताना

शेवटी एक गोष्ट, जी शेतकऱ्याला समजायला सोपी आहे. बियाणे घेताना आपण नर-मादी वाण बघतो. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, आणि वाहकाचे निरोगी माणसाशी लग्न झाले, तर आजारी मूल होत नाही. पण दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात चारात एक रुग्ण, चारात दोन वाहक आणि चारात एक निरोगी, असा संभव असतो. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची हमी नाही. म्हणून पत्रिकेआधी दोन्हीकडचे रक्त तपासून बघा. लग्न आधीच झाले असेल, तर दिवस राहताच तपासणी करून घ्या. आणि तपासणीत दोष निघाला, तर एकट्या सुनेवर बोट ठेवू नका. आजारी मुलात दोष आई आणि बाप दोघांकडून उतरलेला असतो.

बागेच्या पानावर डाग दिसायच्या आधीच आपण फवारणी करतो, कारण डाग दिसला म्हणजे उशीर झाला हे अनुभवाने कळले आहे. माणसाच्या बाबतीत तर धाप हाच डाग आहे. तेव्हा या हंगामात टोळी बागेत उतरली, की एकदा विचारा, 'कुणाला सिकलसेल आहे का? गोळ्या आणल्यात का? चढावर दम लागतो का?' आणि कुणी लिपिडचा कागद पुढे केला, तर पहिल्या ओळीवर थांबू नका. चारही आकडे बघा, आणि त्या माणसाला घेऊन दवाखान्याची पायरी चढा.